उशी धरा, साहेब

द्वारकेत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त सुभेदार राहायचे, मूळचे साताऱ्याकडचे. माझी बायपास झाली तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण आपल्या एखाद्या दिवंगत मेहुण्याची केस सांगून जायचा. सुभेदारांनी तब्येत कधी विचारलीच नाही. चपला दाराबाहेर कवायतीसारख्या जुळवून ठेवायच्या, खुर्चीच्या टोकावर ताठ बसायचं आणि हुकूम सोडायचा, "साहेब, उशी धरा."

खोकताना, हसताना छातीवर ताण येऊ नये म्हणून हॉस्पिटलनं ती उशी कवटाळायला दिली होती. टाके उसवतील या धास्तीनं मी हसणंच सोडलं होतं. सुभेदार मात्र सोसायटीच्या बातम्या अशा सांगत की उशी आवळावीच लागे. स्वतः चुकूनही हसत नसत.

पुढे जखम भरली, डॉक्टरही 'आता उशी नको' म्हणाले, तरी ती माझ्याच्यानं सुटेना. एके दिवशी सुभेदारांनी येताच ती माझ्या मांडीवरून उचलली आणि स्वतःच्या पाठीशी घेतली.

"अहो, द्या ती!"

"माझी पाठ धरलीय. ऐका. काल अख्खी कमिटी लिफ्टची पाहणी करायला आत शिरली अन् लिफ्ट मधेच बंद पडली. कोरम पूर्ण होता. मग काय, आतच ठराव पास केला, लिफ्ट दुरुस्त करावी म्हणून."

मी खदखदून हसलो. स्वयंपाकघरातून बायको धावत आली आणि दारातच थबकली. हात छातीवर न्यायचा माझा राहूनच गेला होता.

सुभेदार उठले, चपला घातल्या आणि उशी काखेत मारून आपल्या घरी गेले.