अण्णांची न कळलेली ओळ

१२ फेब्रुवारी. आजचं काम म्हणजे अण्णांच्या व्हिडिओवर सबटायटल्स कायमची उमटवणं. अण्णा म्हणजे माझे वडील; अर्धांगवायूनंतर त्यांचं बोलणं फक्त आईला आणि मला कळायचं. उद्या वर्षश्राद्धाला येणाऱ्या नातेवाइकांनाही ते कळावं, म्हणून मी वाक्य न् वाक्य टाइप केलं होतं. संगणकाच्या नुसत्या प्रोसेसरवर पाऊण तास लागला असता. ग्राफिक्स कार्डाकडे सोपवलं, तर चार मिनिटांत व्हिडिओ तयार.

आईला दाखवला. शेवटच्या ओळीला ती म्हणाली, "थांबव गं. 'तू खूप केलंस' असं नाही म्हणाले ते."

"मग काय म्हणाले?"

"ते मलाही नाही कळलं. पण हे असलं गोड कधी बोलले होते का जन्मात? चहा गार झालाय म्हणाले असतील."

आम्ही दोघी हसलो. पण ती न कळलेली जागा मी अंदाजाने भरली होती. अंदाज कसला, इच्छाच ती. यंत्र कितीही वेगवान असलं तरी आपण दिलेलीच अक्षरं उमटवतं, आणि खरं काय ते विचारायला आता माणूस नाही.

१३ फेब्रुवारी. सकाळी पाहुणे यायच्या आधी मी ती ओळ काढली आणि व्हिडिओ पुन्हा तयार केला. तिथे आता नुसता अण्णांचा आवाज आहे.