एकडोळीची वकीलबाई

कुणी कुणाला वाईट म्हटलं की वकीलबाईंच्या हातातलं काम थांबायचं. खडू फळ्यावर टेकलेला राहायचा, चहाची बशी तोंडाजवळून खाली यायची आणि त्या अगदी शांतपणे विचारायच्या, "पण त्याचं काय म्हणणं असंल?" ज्याच्याविषयी बोलणं चाललेलं असे तो माणूस असो, मांजर असो की धड्यातलं पात्र, त्यांना फरक पडत नसे. दुसरीच्या पुस्तकात एक आळशी गाढव होतं. त्याची फजिती होते आणि मुलं हसतात, असा तो धडा. बाईंनी तो आठ दिवस शिकवला. गाढवाच्या पाठीवर ओझं किती होतं, त्याला खायला कोण देत होतं, हे पुस्तकात का दिलेलं नाही, असं मुलांना विचारून विचारून शेवटी सगळा वर्ग गाढवाच्या बाजूने झाला. तेव्हापासून हेडमास्तर त्यांना वकीलबाई म्हणायला लागले आणि पाठोपाठ सगळं परतूर गाव.

मी त्या शाळेत नवी लागले तेव्हा वीस-एकवीस वर्षांची होते. मंठ्याजवळच्या एका खेड्यातून आलेली, शेतकऱ्याघरची. जालना जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, आम्ही परभणीचे. मोठा दुष्काळ मागे पडून दोन-तीन वर्षं झाली होती आणि मोंढ्यात, म्हणजे बाजारपेठेत, पुन्हा कापसाच्या गाड्या दिसायला लागल्या होत्या. वकीलबाई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. ठेंगण्या, सावळ्या, कायम पांढरं पातळ नेसायच्या आणि चालताना पुढे झुकून चालायच्या, जणू कुठेतरी उशीर होतोय. मूळच्या घनसावंगीकडच्या, बौद्ध घरातल्या. त्यांच्या वडिलांनी मजुरी करून त्यांना शिकवलं होतं. हे त्या अभिमानाने सांगायच्या, पण एकदाच. दुसऱ्यांदा कुणी विचारलं तर म्हणायच्या, "सांगून झालंय की."

त्या हिवाळ्यात मोंढ्याच्या मागच्या मैदानावर तंबू टॉकीज आली. दरवर्षी यायची, पण त्या वर्षी तिने एक नवल आणलं. चित्रांचा सिनेमा. माणसं नाहीत, सगळी काढलेली चित्रं, आणि ती चालतात, बोलतात, उडतात. सिनेमा परदेशी होता, बोलणं परक्या भाषेतलं. म्हणून टॉकीजवाल्यांचे लतीफभाई पडद्याच्या बाजूला माईक घेऊन उभे राहत आणि काय चाललंय ते सांगत. दिवस मावळला की पहिला खेळ सुरू व्हायचा आणि लतीफभाईंचा आवाज पार स्टेशनपर्यंत ऐकू यायचा.

गोष्ट साधी होती. लाल कपड्यांतला एक वीर डोंगरातल्या गुहेत राहतो, उडतो, संकटातल्या लोकांना वाचवतो. पोरांनी त्याचं नाव लालपंख्या ठेवलं. त्याचा वैरी एक लोखंडी तोंडाचा राक्षस. आणि गुहेचा दरवाजा राखणारी एक बाई, जिला एकच डोळा. एके दिवशी ही बाई राक्षसाला दरवाजा उघडून देते. लालपंख्या साखळदंडात अडकतो, शेवटी सुटतो आणि राक्षसाला पालथा पाडतो. दरवाजा उघडायच्या वेळी लतीफभाई आवाज चढवून म्हणायचे, "देखो भाइयो, ये है गद्दार! एक आँख की गद्दार!" आणि सगळा तंबू शिट्ट्यांनी दणाणून जायचा.

आठवडाभरात शाळेत दुसरा विषय उरला नाही. मधल्या सुट्टीत पोरं गळ्यात टॉवेल बांधून उडायची. लालपंख्या जास्त ताकदवान की लोखंडी तोंडवाला, यावर सातवीतल्या दोन गटांत मारामारी झाली. भूगोलाच्या गुरुजींनी तीनदा सिनेमा पाहिला होता, तेही वर्गात उदाहरणं देताना लालपंख्या डोंगरावरून कसा गेला ते सांगायचे.

आमच्याकडे सहावीत सुमन नावाची मुलगी होती. वडील मोंढ्यात माल मोजणारे मापाडी. लहानपणी देवी आल्या त्यात तिचा डावा डोळा गेला होता. हुशार, अक्षर मोत्यासारखं, बोलायला मात्र कमी. एका सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. आठ दिवस झाले तेव्हा वकीलबाई तिच्या घरी गेल्या. आई म्हणाली, "पोटात दुखतंय म्हन्ती. खाती तर बराबर." सुमन भिंतीकडे तोंड करून पडली होती. वर्गातल्या मुलींना विचारल्यावर खरं कळलं. पोरं तिला एकडोळी गद्दार म्हणत होती. ती वर्गात शिरली की कुणीतरी ओरडायचं, "दरवाजा लावा रे!"

मी म्हणाले, "बाई, त्या पोरांना हेडमास्तरांसमोर उभं करू. चार छड्या बसल्या की गप होतील."

"तोंड गप होईल," बाई म्हणाल्या. "डोक्यातलं कसं जाईल? त्यांना ती बाई गद्दार वाटून राह्यलीय, म्हणून ह्या पोरीला म्हणून राह्यलेत. आधी त्या बाईचं बघू."

त्या संध्याकाळी त्यांनी मला टॉकीजला नेलं. मग परत दोन दिवसांनी. असं आम्ही चार वेळा गेलो. पहिल्या दिवशी मी सिनेमा पाहिला, पुढचे तीन दिवस बाईंना पाहिलं. त्या बायकांच्या बाजूला सतरंजीवर मांडी घालून बसायच्या, मांडीवर वही, आणि लतीफभाई बोलायला लागले की पदर कानावर घट्ट ओढून घ्यायच्या. मी विचारलं, "असं का?" तर म्हणाल्या, "तो काय सांगतो ते नको. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय." तिसऱ्या खेपेला मात्र त्यांनी पदर काढला आणि लतीफभाईंचं बोलणंही वहीत लिहून घेतलं. पहिले दोन दिवस ती बाई गद्दार होती. तिसऱ्या दिवशी लालपंख्याची सावत्र बहीण झाली. चौथ्या दिवशी तर राक्षसाची हरवलेली बायको. परतताना बाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

हेडमास्तरांना त्यांनी कसं पटवलं कोण जाणे, पण शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटचे दोन तास वादविवादाचे ठरले. विषय हेडमास्तरांनी स्वतः फळ्यावर लिहिला, 'गुहेची राखणदारीण गद्दार आहे काय?' व्हरांड्यात पाचवी ते सातवीची मुलं दाटीवाटीने बसली. आईबापांपैकी काही आले. लतीफभाईंना खास बोलावणं होतं, ते इस्त्रीचा सदरा घालून आले आणि खुर्चीवर अवघडून बसले. सुमनच्या आईला समजावून बाईंनी सुमनलाही आणलं. पहिल्या ओळीत बसवलं. "तू काही बोलू नको," त्या म्हणाल्या, "फक्त ऐक."

भूगोलाचे गुरुजी राखणदारिणीच्या विरुद्ध बोलले, आणि चांगलं बोलले. "दरवाजा तिनं उघडला. सगळ्यांनी पाहिलं. मन कुणाला दिसत नाही, कृती दिसते." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग बाई उठल्या. आधी लतीफभाईंना विचारलं, "भाई, तुम्हाला ती भाषा येते?"

लतीफभाईंनी मान खाली घातली. "आता शाळेत झूट कशाला बोलू बाई. बिलकुल येत न्हाई."

"मंग ती गद्दार आहे हे कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. पब्लिक गडबड करून राह्यली का मी गद्दार बोलतो. मंग पब्लिक चुप बसती."

हशा ओसरायला वेळ लागला. लतीफभाईही हसत होते. मग बाईंनी वही उघडली. साखळदंड सुटतो त्या वेळी पडद्याच्या कोपऱ्यात त्याची कडी काढणारा एक हात दिसतो, त्या म्हणाल्या. त्या हातात निळी बांगडी आहे. आणि सगळ्या सिनेमात निळी बांगडी एकाच बाईच्या हातात आहे. "दरवाजा तिनं उघडला, हे खरं. का उघडला ते आपल्याला माहीत नाही. पण कडी काढणारा हातही तिचाच. तो आपण पाहिला नाही, कारण तेव्हा आपण लालपंख्याकडे बघत होतो."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग मागून एक पोरगं म्हणालं, "हां, बांगडी हाय. म्या बघितली." आणखी दोघं-तिघं म्हणाले. हात वर करायला सांगितलं तेव्हा निम्म्याहून जास्त हात बाईंच्या बाजूने होते. भूगोलाच्या गुरुजींनीही हात वर केला. बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी सुमनकडे पाहिलं.

सुमन उभी राहिली होती.

"बाई, मी बोलू का?"

"बोल की."

"मी त्यो सिनेमा बघितलाच न्हाई." तिचा आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. "तिनं दरवाजा उघडला का न्हाई, मला काय करायचंय? ती चांगली असली तरी मी ती न्हाई. मला सुमन म्हणा. एवढंच."

आणि ती खाली बसली.

वही वकीलबाईंच्या हातात उघडीच होती. मला वाटलं, त्या मुलीची पाठ थोपटतील, दोन शब्द बोलून सगळं गोड करतील. त्यांनी वही मिटली आणि सगळ्या शाळेसमोर, लतीफभाईंसमोर, आईबापांसमोर म्हणाल्या, "सुमनचं बरोबर आहे. माझं चुकलं. मी सगळ्यांना विचारलं, हिला विचारायचं राहिलं." मग मुलांकडे वळून, "ऐकलं ना तिचं म्हणणं?" ऐकलं, असं सगळी पोरं म्हणाली. काही खाली बघत होती.

त्यानंतर तिला कुणी कधीच चिडवलं नाही असं नाही. महिनाभराने एकाने पुन्हा म्हटलं. पण आता ती शाळा सोडून घरी गेली नाही. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तो निघून जाईपर्यंत हलली नाही.

वादविवादाच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, बाई सुमनला सिनेमाला घेऊन गेल्या, मीही होते. शेवटचे दोन दिवस उरले होते, तंबूत गर्दी कमी होती. लतीफभाईंनी आम्हाला पाहिलं आणि दरवाजा उघडायच्या वेळी माईक खाली ठेवला. पहिल्यांदाच ते चित्र आम्ही कुणाच्या सांगण्याशिवाय पाहिलं. बाहेर आल्यावर बाईंना राहवेना. "कशी वाटली ती?"

सुमनने विचार केला. "ती बरी हाय. पण त्यो लालपंख्या लई आगाऊ हाय, बाई. सारखा आपलाच फोटो काढून घ्यायला उभा असल्यासारखा."

बाई आणि मी रस्ताभर हसत आलो.

सुमनला घरी सोडून आम्ही दोघी निघालो. स्टेशनच्या रस्त्याला मीटरगेजची मालगाडी उभी होती, फाटक बंद होतं. तिथे थांबल्यावर त्या आपणहून बोलायला लागल्या. त्या तिसरीत होत्या. मास्तरांची छडी हरवली. सगळ्या वर्गाने दाराशी बसलेल्या त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांनीही. छडी दुसऱ्या दिवशी कपाटामागे सापडली. "मार बसला त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "मार सगळ्यांनाच बसायचा. पण मला कुणी विचारलंच न्हाई, शोभा. तेव्हाच ठरवलं, ज्याला कुणी विचारत नाही त्याच्यासाठी मी बोलायचं. आणि काल ह्या पोरीनं दाखवून दिलं, बोलायच्या नादात मीपण विचारलं नाही." फाटक उघडलं. पाय उचलताना त्या पुन्हा हसल्या. "बारा वर्षाची पोरगी. काय बोलली बघ."

त्या दिवसानंतर त्यांची सवय थोडी बदलली. अजूनही कुणाला वाईट म्हटलं की बशी खाली यायची. पण "त्याचं काय म्हणणं असंल" याऐवजी त्या उठायच्या आणि विचारून यायच्या. शाळेच्या शिपायावर घंटा उशिरा दिल्याचा ठपका आला, तेव्हा त्या सगळ्यांच्या आधी त्याच्याकडे गेल्या. परत येऊन म्हणाल्या, "उशीर त्यानंच केला. झोपला होता म्हणतो." आणि खुशीत चहा प्यायला बसल्या.

पुढल्या वर्षी त्यांची बदली घनसावंगीकडे झाली. निरोपाच्या सभेत हेडमास्तरांनी त्यांचं भरभरून कौतुक केलं. त्या त्यागमूर्ती आहेत, शांत आहेत, कधी कुणावर रागावल्या नाहीत. बाई आभार मानायला उठल्या आणि म्हणाल्या, "यातलं निम्मं चूक आहे. मला लई राग येतो. भूगोलाच्या गुरुजींना विचारा." गुरुजींनी जागेवरूनच जोरात मान हलवली. पुष्कळ हशा झाला. सुमन सातवीतल्या मुलींबरोबर उभी होती, ती सगळ्यांत मोठ्याने हसत होती.

एस.टी.च्या स्टँडवर त्यांना पोहोचवायला आम्ही चौघी-पाचजणी गेलो. एक वळकटी, एक ट्रंक, एवढंच सामान. मी रडायला लागले तर म्हणाल्या, "काय झालं ते सांग, मंग रड." बस लागली, त्या खिडकीशी बसल्या आणि गाडी वळेपर्यंत काच वर करायचा खटाटोप करत राहिल्या. काच काही वर गेली नाही.

त्याच आठवड्यात माझ्या वर्गात दोन मुलींचं भांडण झालं. एकीने दुसरीचं पुस्तक फाडलं होतं, तुकडे जमिनीवर पडले होते. संशयाला जागा नव्हती. माझा हात वर गेला होता. मग मी तिच्या बाकावर जाऊन बसले आणि काय झालं ते विचारलं. ती बोलेना. मी बसून राहिले. तास संपायला आला तेव्हा ती बोलायला लागली, आणि लागली ती थांबेचना. पुस्तक तिनेच फाडलं होतं. पण त्याआधीचं सगळं मला माहीतच नव्हतं.

दुपारी हेडमास्तरांनी विचारलं, "खिडकीतून पाहिलं तर वर्ग गप्प होता. काय शिकवत होता?"

"काही नाही सर," मी म्हणाले. "ऐकत होते."