वरून सगळं दिसतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. देवळात गाऱ्हाणं घालतानाही हे सोडून बाकीचं सांगितलं. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. फिरवून लिहिता येत नाही – तरी बघा, सरळ मुद्द्यावर यायला हात धजत नाही.

तर आधी विमानाचं सांगते.

पाच वर्षांपूर्वी माझा भाचा दिगंबर आखातातली नोकरी सोडून आला. विमान उडवायचं शिकून आला होता. मला मूलबाळ नाही, नवरा गेलेला. वर सड्याच्या माळावरचा काजूचा तुकडा विकून मी विमान घेतलं, माझ्या नावावर. विमान म्हणजे काय – तीन चाकं, पाठीमागे पंखा, डोक्यावर पतंगासारखं मोठं कापड. भिंत नाही, दार नाही. पुढे चालवणारा, मागे जरा उंचावर दुसरा माणूस. हौशी पाहुण्यांना किनाऱ्यावरून फिरवून आणायचं, हा दिगंबरचा धंदा.

पाहुणे नसले की सकाळी मला न्यायचा. पहिल्या दिवशी पाय अधांतरी लोंबकळले तेव्हा मी दिगंबरचे खांदे घट्ट धरले. यंत्राचा थरकाप कमरेतून दातांपर्यंत येतो. डोळ्यांतून पाणी वाहतं, रडू नसताना. पण वर गेल्यावर वारा एकसारखा लागायला लागला, आणि मला आवडलं. खोटं कशाला बोलू? साठ वर्षं ज्या वाटांनी भारे वाहिले त्या वाटा दोऱ्यासारख्या पडलेल्या दिसल्या. माझ्या घरावरची फुटकी कौलं मी मोजली. दोरीवर वाळत घातलेला माझाच परकर ओळखला. समुद्राच्या तळाची खडपं, खडकन् खडक दिसतात, पाण्याचे रंग कळतात. लोकांना वाटतं, वरून माणसं मुंग्यांएवढी दिसतात. दिगंबर फार उंच नेत नसे. माणूस चालण्यावरून ओळखता येतो.

आणि खालचा प्रत्येक जण हात करतो. शाळेतली मुलं, जाळी विणणारे म्हातारे, भात लावणाऱ्या बायका. दिगंबर पंख जरा कलता करून उत्तर द्यायचा.

एकच बाई हात करत नसे. माझी धाकटी जाऊ, शेवंती. विमान आलं की मान खाली घालून घरात जायची.

आमचं बोलणं बंद होतं. का? विमान आलं त्याच महिन्यात एका लग्नात, पंगतीत, सगळ्यांसमोर ती म्हणाली, “पोर नाय, बाळ नाय, आता विमान पाळल्यान! तेका दूद पाजतली काय पेट्रोल?” पंगत हसली. वाढणाऱ्या बायका हसल्या. मी पान पुरं केलं, हात धुतले आणि घरी आले. एवढंच कारण. याहून मोठं काही नाही, शोधूनही सापडणार नाही.

ज्या दिवसाचं सांगायचंय, त्या दिवशी अमावास्या होती. अमावास्येला आमच्या वाडीतले होडीवाले पाण्यात जात नाहीत. पण पहाटे सुकती मोठी लागते, पाणी लांबवर मागे सरतं, म्हणून बायका कालवं काढायला खडपांवर जातात. उजाडल्यावर पाणी फिरतं आणि उधाणाचं पाणी झपाट्याने चढतं. लहानपणापासून आम्हाला हे माहीत. त्या खडपांवर मीही कालवं फोडलीत – आठ वाजायच्या आत परतायचं, कोयती राहिली तर राहिली.

मी आणि दिगंबर आठ वाजून गेल्यावर विमानातून तिथून गेलो. बाकीच्या बायका केव्हाच परतलेल्या. सगळ्यात पुढच्या खडपावर एक बाई. भोवती पाणी. खडपाचा माथा तेवढा राहिलेला. एक पाय उचलून धरलेला – मुरगळला असावा. दोन्ही हात वर करून हलवत होती.

कानातल्या यंत्रातून दिगंबर म्हणाला, “आत्ये, ती बघ, खडपार उभी रवान हात करता. कोण गो ती?”

कोण ते मला कळलं होतं. मी काय म्हणाले?

“मुंबयची आसतली कोणतरी. फोटो काढूक चढली आसतली.”

दिगंबर तालुक्याच्या गावात वाढलेला. भरती-ओहोटी त्याने वरूनच बघितलेली. तो हसला. “मगे तूय हात कर मा. बरां वाटात तिका.”

आणि मी हात केला.

त्याने पंख कलता केला. आम्ही पुढे गेलो. पुढे किल्ल्यापर्यंत. परत येताना मीच म्हटलं, आज किनारा नको, सड्यावरून ने.

मला काय वाटत होतं? कुणीतरी काढील तिला? तासभर घाबरू दे, मग वाडीत सांगू? असंही वाटलं असेल. खरं सांगायचं तर काही वाटत नव्हतं. छान वारा लागत होता.

शेवंती दुसऱ्या दिवशी सापडली, किनाऱ्याला लागलेली. दिगंबर पांढरा पडून माझ्याकडे आला. मी म्हटलं, आपण बघितली ती दुसरी, तिच्या अंगात पंजाबी ड्रेस होता. त्याने विश्वास ठेवला. माझी नजर चांगली आहे, हे त्याला ठाऊक.

बाराव्यानंतर तिचा मुलगा महेश ओट्यावर येऊन बसला. “काकी, तू तेवा वर होतंस मा? आये खंय दिसली?”

“वरसून काय दिसता रे बाबा? माणूस मुंगयेएवढो.”

त्याने मान हलवली. चहा प्यायला. जाताना माझ्या पाया पडला.

अजून एक राहिलं. ते लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

मी हात केला तेव्हा आम्ही तिच्या अगदी वरून जात होतो. तिने तोंड वर केलेलं. तिने मला ओळखलं. ती ओरडली नाही – ओरडली असती तरी यंत्रापुढे ऐकू आलं नसतं, पण तिचं तोंड मिटलेलं होतं, ते मी बघितलं. तिने दोन्ही हात खाली घेतले, पदर खोचला आणि आमच्याकडे पाठ करून समुद्राकडे तोंड केलं.