दाजींचं ट्रेलरचं गणित

आमच्या दाजींसारखा माणूस अख्ख्या ॲरिझोनात दुसरा नव्हता, आणि असता तर दाजींनी आधी त्याला वजनकाट्यावर उभं केलं असतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे नागपूरचे, इंजिनियर, चँडलरमध्ये चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला. मी जत तालुक्यातला, नववीत शाळा सोडलेला. ताईनं माझे इमिग्रेशनचे कागद भरले, त्यानंतर अकरा वर्षांनी माझा नंबर लागला आणि दोन हजार दोन साली मी एक बॅग आणि भरपूर भीती घेऊन त्यांच्या दारात उतरलो. दाजींनी मला गाडी चालवायला शिकवली, देशी किराणा दुकानात पोती उतरवायचं काम मिळवून दिलं, आणि 'शाळा का सोडलीस' हा प्रश्न, जो मला पाहुण्यांपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांनी विचारलाय, तो एकदाही विचारला नाही. म्हणून त्यांच्याशी मी जे वागलो ते लिहिताना मान वर होत नाही. पण आधी दाजी सांगतो, मग मी.

तर दाजींनी एक ट्रेलर घेतला. ट्रेलर म्हणजे चाकावरची खोली. आत दोन बिछाने, एक शेगडी, आणि उभं राहिलं तर डोकं आपटेल एवढं छप्पर. इकडे लोक असलं काही ओढायला बैलासारखे दांडगे पिकअप ट्रक घेतात. दाजींकडे होती एक लहानखुरी एसयूव्ही, आणि ती विकायला ते तयार नव्हते. इथल्या महाराष्ट्र मंडळातले देशमुख, ज्यांच्याकडे खरोखरच एक दांडगा पिकअप होता, दर रविवारी त्यांना ऐकवायचे, "दाजी, बकरीला नांगर जुंपताय हो तुम्ही!" दाजी शांतपणे म्हणायचे, "नांगर हलका आहे. आणि बकरी किती ओढते ते पुस्तकात लिहिलंय. लोक पुस्तक वाचत नाहीत, हा प्रॉब्लेम आहे."

दाजींनी पुस्तक वाचलं होतं. नुसतं वाचलं नव्हतं, गॅरेजच्या भिंतीवर पांढरा बोर्ड लावून त्यावर उतरवलं होतं. ट्रेलरचं एकूण वजन किती, त्यातलं दहाव्या हिश्शाहून थोडं जास्त गाडीच्या मागच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडावर, कसं यायला हवं, मागे ओझं वाढून तिथे कमी आलं तर ट्रेलर मागून शेपटी हलवतो आणि जास्त आलं तर गाडीचं नाक वर होतं, हे त्यांनी मला इतक्यांदा समजावलं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. (हे लक्षात ठेवा, मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.) मग घरातली प्रत्येक वस्तू बाथरूमच्या काट्यावर चढू लागली. कुकर चढला, छत्र्या चढल्या, ताईची चपलांची पिशवी चढली आणि अर्धी होऊन उतरली. नारळ न्यायचा तर सोलून, शेंडी काढून. सोबत येणारा पाहुणा असेल तर त्याला चहाच्या आधी काट्यावर बोलवायचे. एकदा शिकागोकडच्या नेपरव्हिलची एक जाडजूड मावशी आली होती, ती रुसून गाडीत बसलीच नाही. दाजींनी तिचे मनापासून आभार मानले, त्यामुळे ती आणखी रुसली. ताई म्हणायची, "लग्नात यांनी हारसुद्धा तोलून घेतला असेल, मला तेव्हा कळलं नाही."

निघायच्या आधी दाजी ट्रेलरभोवती तीन चकरा मारायचे. दिवे, साखळ्या, टायर. चौथी चक्कर मी मारायची आणि तेच सगळं मोठ्यानं म्हणायचं. रस्त्यावर ताशी पंचावन्न मैलांच्या वर काटा जायचा नाही. मागून ट्रकवाले भोंगा वाजवायचे, आणि प्रत्येकाला दाजी हात वर करून धन्यवाद द्यायचे. चढ आला की एसी बंद, इंजिन तापू नये म्हणून. बाहेर भट्टी, आत आम्ही चौघं ओले टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेले, आणि दहा वर्षांची भाची कुरकुरायची, "बाबा, दिस इज नॉट नॉर्मल." दाजी म्हणायचे, "नॉर्मल लोक घाटात उभे आहेत बघ, बॉनेट उघडून." आणि खरंच, दोन-तीन उभे असायचे.

आता माझं. मे महिन्यातल्या लाँग वीकेंडला मंडळाची सहल ठरली. पेसन गावाच्या पलीकडे पाइनच्या जंगलात, पंचवीस माणसं. जेवणाचं काम मी मागून घेतलं. इतके शिकलेले लोक पहिल्यांदाच माझ्या हातचं खाणार होते. दाजींनी स्वयंपाकघराला वजन नेमून दिलं, सामान जागच्या जागी लावलं, आदल्या संध्याकाळी ट्रेलरचा पुढचा दांडा काट्यावर टेकवून आकडा बोर्डावर लिहिला आणि गाडीला जोडूनही ठेवला. पाण्याची टाकी त्यांनी मुद्दाम रिकामी केली होती. "तिथे नळ आहे. पाणी ओढत न्यायचं नाही, पाणी सगळ्यात जड."

आता जतच्या माणसाला सांगा, जंगलात नळ आहे म्हणून. आमच्याकडे गावात नळ होता, त्याला पाणी आलेलं मी मोजून चार वेळा पाहिलंय. रात्रभर माझ्या डोळ्यांसमोर पंचवीस माणसं, मिसळीचा झणझणीत रस्सा आणि कोरडा नळ. सकाळी दाजी आंघोळीला गेले तसे मी पाच गॅलनचे पाच कॅन गॅरेजमधून काढले, भरले, आणि ट्रेलरच्या अगदी मागच्या बिछान्याखाली ढकलले. मागेच का? कारण पुढचा कप्पा दाजी निघताना उघडून बघायचे. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. मग चौथी चक्कर मारली आणि दिवे, साखळ्या, टायर मोठ्यानं म्हटलं.

चढावर काही झालं नाही. उतार लागला आणि ट्रेलर हलायला लागला. आधी थोडा, मग असा की आरशात एकदा डाव्या बाजूला दिसायचा, एकदा उजव्या. गाडीचा मागचा भाग त्याच्याबरोबर ओढला जात होता. ताईनं भाचीला छातीशी धरलं. मी डोळे मिटले की पाच कॅन दिसायचे. दाजींनी ब्रेकवर पाय दिला नाही. ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि ट्रेलरच्या ब्रेकसाठी गाडीत बसवलेली वेगळी कळ हातानं हळूहळू दाबत राहिले. कितीतरी वेळानं ट्रेलर शांत झाला. गाडी कडेला लागली, तेव्हा भाची रडायची थांबून उचक्या देत होती.

दाजी उतरले. टायर पाहिले, हिच पाहिला, पुढचा कप्पा उघडला. एवढ्यात देशमुखांचा पिकअप मागून येऊन थांबला.

"काय दाजी, बकरी बिथरली वाटतं? तरी सांगत होतो, पोराबाळांना घेऊन असले प्रयोग करू नका."

दाजी म्हणाले, "हो. चूक माझी आहे. गणित चुकलं."

मी शेजारी उभा होतो, अगदी शेजारी. एक वाक्य बोलायचं होतं. देशमुख होते, ताईचा पांढरा पडलेला चेहरा होता, आणि मला वाटलं, आता बोललो तर हे लोक मला पुन्हा एकदा ओळखतील, नववीत शाळा सोडलेला म्हणून. मी टायरला लाथ मारून पाहिलं, जसं काही मीही शोधतोय.

पुढचा रस्ता आम्ही ताशी तीस मैलांनी काटला. कॅम्पवर पोचल्यावर दाजी नोंद करायला ऑफिसात गेले आणि मी पाचही कॅन झाडांमागे नेऊन ओतले. पन्नास पावलांवर नळ होता, धो धो वाहणारा. पाणी ओतताना कुणी पाहील या भीतीनं मी घाई करत होतो. ज्या गावात एका घागरीसाठी आईनं भांडणं केली, त्या गावचा मी. दाजी परत आले, सोबत आणलेला काटा काढला आणि ट्रेलरचा पुढचा दांडा तोलला. आकडा घरच्यासारखाच. पुन्हा तोलला. पुन्हा तोच. मिसळ सगळ्यांना फार आवडली. दाजींनी पावाचा तुकडाही मोडला नाही.

परतताना ट्रेलर मांजरासारखा मागे मागे आला. त्यामुळे तर दाजी पुरतेच खचले. महिनाभर बोर्डासमोर उभे राहायचे, पुसायचे, मांडायचे. मग एक दिवस ताईला म्हणाले, "कारण कळत नाही अशा गोष्टीत मी तुम्हाला बसवणार नाही." ट्रेलर गेला. घेणाऱ्याला त्यांनी घाटातला सगळा प्रकार आधी सांगितला, तरी त्यानं घेतला. बोर्डावर ताई किराणा लिहायला लागली.

तीन वर्षं मी हे पोटात ठेवलं. मग एका रविवारी पुण्याचा एक तरुण दाजींकडे आला. त्याला ट्रेलर घ्यायचा होता, लहानच गाडी होती, आणि कुणीतरी सांगितलं होतं की दाजींना विचार. पूर्वी अशा माणसाला दाजींनी जेवू घातल्याशिवाय आणि तोलल्याशिवाय सोडला नसता. ते हसून म्हणाले, "मला नको विचारूस बाबा. माझं गणित चुकतं." तो गेला. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो, आणि गाळता गाळताच बोलून टाकलं. पाच कॅन. मागचा बिछाना. झाडं. सगळं.

दाजींनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग म्हणाले, "पूर्ण भरलेले?"

"काठोकाठ."

त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलनं मांडलं. मला वाटलं आता उठतील, काहीतरी फेकतील. ते उठलेच, पण चेहरा असा की जणू मुलगी परीक्षेत पहिली आलीय. "हलणारच ना बे! हललंच पाहिजे! बरोबर होतं माझं!" मग आवाज एकदम खाली आला. "माझ्या घरात राहून तुला पाणी लपवून न्यावं लागलं, शिवा? एवढा भीत होतास मला?"

त्यांना भीत नव्हतो. पण मग कुणाला, ते सांगता येईना.

दाजींनी जुनी डायरी काढून फोन लावला. ज्यानं ट्रेलर घेतला होता त्याला, तीन वर्षांनी. इंग्रजीत सांगू लागले की ट्रेलरमध्ये काही खोट नाही, निर्धास्त राहा. म्हणाले, "त्या दिवशी मागे पाणी होतं. ते मीच ठेवलं होतं, आणि विसरलो." आयुष्यात ज्यानं पाव किलोची थाप मारली नाही, तो माणूस माझ्याकडे पाठ करून अगदी सहज खोटं बोलला. पलीकडचा माणूस हसला असावा. मग तो सांगत राहिला, कुठे कुठे तो ट्रेलर फिरला ते, आणि दाजी विचारत राहिले, "तळ्याच्या अगदी काठाशी लावता येतो का? पहाटे थंडी असते का फार? मुलांना आवडलं?" मी त्यांच्या चहाचा कप धरून उभा होतो. तो निवला, पण त्यांना मध्येच हाक मारायचा मला धीर झाला नाही.