दिवस मावळायच्या आत

निपाणीच्या स्टँडवर बंगळूरची गाडी लागायच्या आधी आईनं मला बाकड्यावर बसवलं आणि जेवायला लावलं. भूक नव्हती. पण गाडी येईपर्यंत दिवस मावळला असता, आणि आमच्या जैन घरात दिवस मावळल्यावर कुणी घास तोंडात घालत नाही. येणारे-जाणारे बघत होते आणि मी मान खाली घालून भाकरी गिळत होते. माझे वडील, आप्पा, तंबाखूच्या रानातून थेट आलेले, माझ्या बॅगेवर हात ठेवून उभे होते. गाडी आली तेव्हा म्हणाले, "काय बी शिक, किती बी शिक. जेवायची वेळ तेवढी चुकवू नगंस."

मायक्रोबायॉलॉजी शिकायला निघालेल्या पोरीला घातलेली ही एकच अट. लग्नाची नाही, परत यायची नाही. आमच्या भागात त्या काळी एवढी सूट कुणाला मिळत नसे, आणि तिचा तोरा मी अजून मिरवते.

पण हॉस्टेलची मेस उघडायची आठ वाजता. मग मी दुपारच्या चपात्या डब्यात राखून ठेवायची आणि ऊन उतरायला लागलं की प्रॅक्टिकल अर्धवट टाकून खोलीवर पळायची. कन्नड येत होतं, इंग्रजी येऊ लागलं होतं, पण हे कारण सांगायला कुठल्याच भाषेत तोंड उघडेना. मागासलेली म्हणतील, ही धास्ती. प्रॅक्टिकलचे सर सगळ्यांसमोर म्हणायचे, मुलींना संध्याकाळ झाली की घर आठवतं. दुसऱ्या वर्षी मी नेम सोडला आणि आईला फोनवर सांगून टाकलं. ती एवढंच म्हणाली, "पोटभर जेवतीस न्हवं?" फोन ठेवल्यावर मी खूप रडले.

आता त्याच शहरात मी प्रोफेसर आहे. नव्यानं लागलेल्या प्राध्यापकांना हाताशी धरणं हे माझं आवडतं काम. त्याला मेंटरिंग म्हणतात. माझ्या हाताखालून गेलेले त्याला कान पिळणं म्हणतात. बायकांना मी पहिल्याच दिवशी बजावते, पाहुण्यांना गुच्छ द्यायला उभ्या राहू नका, ग्रँटचा अर्ज लिहायला बसा.

विनया त्यातलीच, म्हैसूरकडची, कामाला वाघ. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर ती माझ्याकडे आली ती मनाशी ठरवूनच. तिच्या लॅबमध्ये स्नेहल नावाची, चिकोडीजवळच्या खेड्यातली मुलगी प्रोजेक्ट करत होती आणि पुढे तिथंच पीएचडी करायचं म्हणत होती. विनया तिला घ्यायला तयार नव्हती. मुलगी हुशार आहे, पण संध्याकाळचं रीडिंग, म्हणजे जंतू किती वाढले ते मोजायचं काम, टाकून निघून जाते, विचारलं तर गप्प बसते, संशोधन तिला झेपायचं नाही, असं तिचं म्हणणं.

मी विचारलं, किती वाजता जाते? तेही धड ठरलेलं नाही, विनया वैतागली. डिसेंबरात लवकर जायची, हल्ली उशिरा जाते.

मला हसूच फुटलं. सूर्य बघून कामावरून उठणारी पोरगी मी नाही ओळखणार तर कोण? मी स्नेहलला केबिनमध्ये बोलावलं आणि आमच्याकडच्या मराठीत विचारलं, "रात्रीचं जेवत न्हाईस व्हय गं?"

तिचे डोळे भरून आले. "न्हाय, मॅडम. पण हे सांगितलं तर लॅबमदनं काढतील असं वाटलं."

"आणि न सांगता काढायलाच लागलेत की," मी म्हटलं.

स्नेहलला विचारून मी विनयाला कारण सांगितलं, व्याख्यान दिलं नाही. जंतूंचं कल्चर पहाटे वाढायला लावलं तर रीडिंग दुपारीच संपतं, जंतूंना संध्याकाळच लागते असं कुठं आहे, एवढंच म्हटलं. विनया म्हणाली, मी तिला कारण विचारलं होतं, पण सगळ्यांसमोर. आता ती पोरींशी एकेकीला बोलावून बोलते.

निपाणी-चिकोडीकडच्या आयांनो, पोरी पाठवा. नेम पाळणारी पाठवा, न पाळणारी पाठवा. मी नेम सोडला याचं मला दुःख नाही. भिऊन सोडला, याचं आहे. तुमच्या पोरींनी काय धरायचं आणि काय सोडायचं ते त्यांच्या मनानं ठरवावं, त्यापायी लॅब सुटता कामा नये.

स्नेहल पीएचडीला लागली. परवा कामानं विनयाच्या लॅबमध्ये गेले तर सगळ्या जणी मान खाली घालून कामात बुडालेल्या, स्नेहलही. विनयानं खिडकीबाहेर पाहिलं आणि हातातलं काम न थांबवता कन्नडमध्ये म्हणाली, ऊठ, जेवून ये, पुढचं मी बघते. स्नेहल उठून गेली. बाकी कुणी मान वरही केली नाही.

मी दारातच उभी राहिले. गाव कुठलं, घर कुठलं असं कुणी विचारलं की इतकी वर्षं मी निपाणीचं नाव सांगत आले, यापुढेही सांगेन. पण घर ही लॅबसुद्धा आहे, असं मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं.