गोरखच्या पायाला मत

भोकरविहिरीत बाकी सगळ्यांना चेहऱ्यानं ओळखतात, गोरखला मात्र पायानं. नामपूर-सटाणा रस्त्यावरून आत वळून तीन किलोमीटर गेलं की हे गाव लागतं, आणि गोरख या गावाचा पाणीवाला. पहाटे टाकीखालचा मोठा वॉल उघडायचा, मग आळीआळीनं फिरत छोटे वॉल पिळायचे, पंचवीस वर्षं हेच काम. तो पुढं गेला की मागं चिखलात त्याच्या अनवाणी पावलांचे ठसे राहत, बोटं फाकलेली, टाचा फुटलेल्या. बायका दारातूनच ते ठसे वाचत. "हांडे काढ गं, पाऊल खालच्या आळीकडं गेलंय!" सरकारी वेळापत्रकावर नसेल इतका गावाचा भरवसा त्या ठशांवर होता.

ही पावलं काही जन्मापासून अनवाणी नव्हती. दहा वर्षांपूर्वी शेखरदादा पहिल्यांदा विधानसभेला पडले, तेव्हाची गोष्ट. दादा मतदारांचे आभार मानायला गावात आले, मारुतीच्या पारावर उभे राहिले आणि बोलता बोलता रडले. दादांना रडायला फारसं काही लागत नाही, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. गोरख पाघळला. पायात मेहुण्याच्या लग्नात मिळालेली कोरी चप्पल होती. ती त्यानं काढली, देवळाच्या पत्र्यावर भिरकावली आणि ओरडला, "दादा आमदार होईस्तोवर या पायात चप्पल नाय घालणार! आई सप्तशृंगीची आण!"

त्यातली एक पत्र्यावरून घसरत खाली आली. त्यानं ती उचलून पुन्हा फेकली.

"परत आली तेव्हाच मारुतीरायानं नको म्हणून सांगितलं होतं," असं त्याचा अ‍ॅपे रिक्षावाला दोस्त महेबूब पुढं दहा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांना सांगत राहिला.

गोरखला वाटलं होतं, पाच वर्षांचा तर प्रश्न आहे. पाच वर्षांनी दादा पुन्हा पडले. पण तोवर दादांना या पायांची किंमत कळली होती. सभा थंड पडली की ते माइकवरून विचारत, "माझा गोरख कुठंय?" मग गोरखला स्टेजवर चढवायचं, खुर्चीत बसवायचं, पाय वर करायला लावायचे आणि त्या भेगा पब्लिकला दाखवायच्या. टाळ्यांचा पाऊस. आणि खोटं कशाला बोला, गोरखलाही ते गोड लागे. नळाला पाणी बारीक आलं म्हणून रोज शिव्या खाणाऱ्या माणसासाठी हजारभर माणसं टाळ्या वाजवतात, ही काही लहान गोष्ट नाही. घरी येऊन तो बायकोला सांगे, "आज दादांनी माझा पाय हातात घेतला."

"मग धुऊन तरी द्यायचा," भागीबाई म्हणे.

दोन वर्षांपूर्वी गोरखला साखर निघाली. पाय हळूहळू बधिर होत गेले. तो म्हणायचा, चालून चालून मुरलेत. यंदा ऑक्टोबरात दादांनी अर्ज भरायला मिरवणूक काढली, भर दुपारी, तापल्या डांबरावरून. सगळ्यांत पुढं झेंडा घेऊन गोरख. संध्याकाळी भागीबाईनं पाहिलं तर उजव्या अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड फुटून पाणी गळतंय, आणि याला पत्ताच नाही.

सटाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी जखम बघितली, तळव्याला सुई टोचून बघितली. गोरख छताचा पंखा बघत होता. सुई लागली हे त्याला बाईंच्या चेहऱ्यावरून कळलं.

"आजपासून पाय उघडा जमिनीला लावायचा नाही," बाई म्हणाल्या. "ओल तर बिलकूल नको. नाहीतर आधी बोट जाईल, मग पाय."

"निकाल लागला की घालतो ना चप्पल."

"कसला निकाल? तुमच्या रक्ताचा तर हा माझ्या हातात आहे."

"तो नाय. मतमोजणीचा."

बाईंनी पेन खाली ठेवला आणि भागीबाईकडं बघितलं. भागीबाईनं पदर तोंडाला लावला. हसायला की रडायला, ते तिचं तिलाच माहीत.

बाहेर पडता पडता तिनं तिथल्याच मेडिकलमधून साखरेवाल्यांची ती मऊ, जाड तळाची निळी चप्पल घेतली. अ‍ॅपेत बसल्यावर त्याच्या मांडीवर ठेवली. गोरखनं ती हळूच बाजूला सरकवली.

"भागे, देवीची आण हे. निकिताला सातवा लागलाय. आण मोडली आन तिच्यावर काय आलं तर?"

इथं भागीबाईची जीभ अडकली. नवऱ्याला चार शब्द सुनवायला ती कधी मागं हटली नव्हती, पण देवीला सुनवायची तिची हिंमत नव्हती. आणि निकिता एकुलती एक लेक, पहिलंच बाळंतपण. पिशवीतली चप्पल पिशवीतच राहिली.

मग काय, दहा वर्षं ज्या माणसाच्या नावानं तिनं बोटं मोडली, त्याच शेखरदादाच्या प्रचाराला भागीबाई घरोघर फिरू लागली. तिचा प्रचार मात्र वेगळा होता. ना दादाचं नाव, ना पक्षाचं. "दादाला नका देऊ. माझ्या माणसाच्या पायाला मत द्या," ती उंबऱ्यात उभी राहून म्हणे. बायका पदराआड हसल्या. खतं-बियाणांच्या दुकानातला सोमनाथ दुसऱ्या पक्षाचा कट्टर. तो म्हणाला, "वहिनी, मशिनवर पायाचं बटन कुठंय?" पण तिचा चेहरा बघून त्याला पुढचा विनोद सुचेना. "बरं, घरातली तीन मतं गोरखभाऊच्या पायाला. माझं एक तेवढं पक्षाला राहू द्या."

निकालाच्या दिवशी सकाळपासून सारा गाव पारावर. पाणी त्या दिवशी लवकर सुटलं होतं. महेबूबनं रिक्षा पाराला लावून स्पीकरला मोबाइल जोडला. गोरख पाराच्या कडेला पाय लोंबकळत सोडून बसलेला, उजव्याला पांढरं फडकं. शेजारी भागीबाई, मांडीवर ती पिशवी. पिशवीत चप्पल, हळदी-कुंकू आणि नारळ. जिंकल्याबरोबर इथंच पूजा करून पायात घालायची, हे ठरलेलं.

तेराव्या फेरीपर्यंत दादा पुढं. कुणीतरी घाईनं फटाक्याची माळ लावली. भागीबाईनं पिशवीची गाठ सोडली. सोळाव्या फेरीला आघाडी निम्म्यावर आली, आणि अठराव्याला महेबूबनं आवाज एकदम कमी केला. तेवढ्यावरून सगळ्यांना कळलं. बाविसाव्या फेरीनंतर दादा साडेअकराशे मतांनी पडले होते.

पराभव झाला की लोक एकमेकांची तोंडं बघतात. भोकरविहिरीत त्या दिवशी सगळ्यांनी गोरखचा पाय बघितला. सोमनाथच्या माणसांनी गुलालाचं पोतं आणलं होतं, ते पाराजवळ न फोडता शाळेकडं नेलं. एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "अजून पाच वर्षं म्हणजे..." आणि दुसऱ्यानं त्याला कोपरखळी मारून गप्प केलं.

गोरख हसला. "पुढच्या टायमाला नक्की," तो म्हणाला.

तेव्हा कुसाबाई पुढं आली. गावात नव्वदीच्या पुढचं हे एकच माणूस, नवस-सायासात तिचा शब्द शेवटचा. "ज्यानासाठे बांधा शे, त्यानीच सोडाना," ती म्हणाली. "देवीले चालस."

म्हणजे ज्याच्यासाठी आण घेतली त्यानंच आपल्या हातानं चप्पल पुढं ठेवायची, सुटलास म्हणायचं. मग गडावर जाऊन देवीला साडी-चोळी. बस. भागीबाईला वाटलं, म्हातारीच्या पाया पडावं की दहा वर्षं गप्प बसली म्हणून भांडावं. पण वेळ कुठं होता? "महेबूबभाई, रिक्षा काढा," ती म्हणाली.

दादांच्या बंगल्यासमोर ही गर्दी. शंभरेक पोरं डोळे पुसताहेत, तीन-चार जण मोबाइल धरून लाइव्ह दाखवताहेत, आणि दादा पायरीवर बसलेले, कुर्त्याच्या दोन गुंड्या उघड्या. भागीबाई वाट काढत थेट त्यांच्यापुढं गेली. पिशवीतून चप्पल काढून त्यांच्या हातात दिली.

"दादा, यांच्या पायाला जखम झालीय. डॉक्टर म्हणतात पाय जाईल. तुम्ही तुमच्या हातानं ही घाला आन सुटलास म्हणा. एवढंच मागायला आले."

दादांनी चप्पल हातात घेतली. गोरखकडं बघितलं, पांढऱ्या फडक्याकडं बघितलं. वाकले सुद्धा. भागीबाईनं डोळे मिटून देवीचं नाव घेतलं.

आणि तेवढ्यात एक मोबाइल जवळ आला.

दादा सरळ झाले. चप्पल कपाळाला लावली, मग छातीशी धरली, आणि त्यांचा आवाज भरून आला. "बघा रे! हरलेल्या माणसाच्या दारात कोण येतं? माझा गोरख आला! हा पाय बघा! गोरख, तुझी ही चप्पल आजपासून माझ्याकडं. ज्या दिवशी आमदार होईन, त्या दिवशी या हातानं तुझ्या पायात घालीन. तोवर मलाही चैन नाही!"

पोरं पेटली. "दादा, तुम आगे बढो!"

"अहो दादा, पाय सडतोय!" भागीबाई ओरडली. पण शंभर गळ्यांपुढं एका बाईचा गळा किती पुरणार? तिनं वळून बघितलं तर "हम तुम्हारे साथ हैं" म्हणायला गोरखचा हात वर गेला होता. डोळ्यांत पाणी आणि हात वर.

दादा आत गेले, त्यांच्यामागं चप्पल आत गेली. भागीबाई दारापर्यंत धावली. दादांचा माणूस आडवा आला. "वहिनी, दादा फार भावनिक झालेत. उद्या या."

परतताना अ‍ॅपेत गोरख फडक्याची गाठ घट्ट करत बसला. मग महेबूबला राहवेना.

"गोरख्या, तुझा दादा मतं तर घालवून बसलाच, वर आमची चप्पल घेऊन गेला."

"तसं नको म्हनू भो. माझ्यासाठी रडले ते."

"अरे, मग मीपण रडतो! तुझी लुंगी देतोस का मला?"

गोरख हसला नाही. भागीबाई तर रस्त्याच्या कडेच्या खांबांकडं बघत बसली होती, एकेक खांब मोजल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बंगल्यावर गेली, तिसऱ्या दिवशीही. दादा मुंबईला गेलेले. चप्पल दिवाणखान्यात काचेच्या कपाटात, सत्काराच्या ढालींशेजारी ठेवलेली तिनं खिडकीतून बघितली. तिनं सटाण्याहून तशीच दुसरी आणली. पण सोडणारा हात कुठून आणणार? गोरख रोज पहाटे टाकीवर जातच राहिला. फडक्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधायचा. "पिशवी म्हंजे चप्पल नव्हं," त्यानं स्वतःच निवाडा करून टाकला होता.

पंधराव्या दिवशी अंगठा काळा पडला. महेबूबनं नाशिकला नेलं. तिथं उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं काढावी लागली. "आठ दिवस आधी आला असतात तर," एवढं बोलून डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळले. गावात ही बातमी पोचायच्या आधी नाक्यावर मतदारांच्या आभाराचं बॅनर लागलं: दादा हात जोडून उभे, कोपऱ्यात गोरखचा स्टेजवर पाय वर केलेला जुना फोटो. सोमनाथनं ते त्याच दुपारी फाडलं. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या पक्षाचं बॅनर फाडल्याबद्दल त्याला कुणी जाब विचारला नाही.

गोरख घरी आला तेव्हा भागीबाईनं चपलेचा जोड त्याच्यापुढं ठेवला. गोरखनं एकदा जोडाकडं, एकदा उजव्या पायाकडं बघितलं. मग त्यानं उजवा पाय पुढं केला.

"याचं देवीला पोचलं. याची फेड झाली. याला घाल."

"आन डावा?"

"डाव्याचा शब्द अजून बाकी हे. निकिता मोकळी होऊ दे, मग बघू."

आता भोकरविहिरीत पाणी सोडायला गोरख एका पायात निळी चप्पल घालून, काठी टेकत जातो. मागं चिखलात एक ठसा चपलेचा, एक पावलाचा. बायका ते बघतात आणि हांडे काढायला आत वळतात. भोकरविहिरीत एवढा विषय असून कुणी बोलत नाही, यावरून काय ते समजा.

दुपारी तो घरी आला की भागीबाई त्याचा डावा पाय मांडीवर घेते. नाशिकच्या सिस्टरनं शिकवलंय तसा आरसा धरून तळवा बघते, भेगांतली माती काढते, आणि मग अंगठ्याच्या नखानं एकेक जागा दाबते. गोरख भिंतीला टेकून डोळे मिटून बसतो.

"कळतंय?"

"कळतंय की."

"आन इथं?"

"इथंबी."

परवा तिनं नख लावलंच नाही. पाय मांडीवर होता, हात तिनं मागं घेतला, आणि नुसतं विचारलं, "कळतंय?"

"कळतंय," गोरख म्हणाला.