डिझेलचा मोतीबिंदू

"एकदाचं हो तरी म्हण, नाहीतर नाही म्हण!" मी माझ्या शेजारणीवर, व्हर्नावर, ओरडलेच. तिच्या कुत्र्याच्या शस्त्रक्रियेची तारीख तिने तिसऱ्यांदा पुढे ढकलली होती. डिझेलच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आता काहीच दिसत नाही. पण डोळ्याचा पडदा शाबूत आहे, पुन्हा दिसेल, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलेलं.

नॉर्थ डकोटाच्या बर्फात चाळीस वर्षं शाळेची बस चालवलेली ही बाई, कधी डगमगली नाही. आज मात्र नुसती कॉफी ढवळत बसली होती.

"दिसायला लागलं की त्याला कळेल गं," ती म्हणाली.

"काय कळेल?"

तिने दारामागच्या जाड कोटाकडे बोट दाखवलं. तिच्या नवऱ्याचा, ऑर्व्हिलचा. दोन वर्षांपूर्वी तो वारला, तेव्हाही डिझेलला दिसत नव्हतं; तेव्हापासून हाच कोट घालून ती त्याला फिरायला नेते.

"कोट घातला की कसा नाचतो! त्याला वाटतं, ऑर्व्हिलच आलाय."

"खुळी की काय तू? नाक आहे त्याला! आत तू आहेस हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

तिचा चमचा थांबला.

"मग दोन वर्षं मी फसवतेय कोणाला?"